ठसका लागण्याआधी

शिंक आली की थोडी होते. हंडा उचलला की होते. मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यातून गेलं की होते. बायका हे एकमेकींना सांगतात, तेही हसण्यावारी नेऊन. डॉक्टरांपुढे बसल्यावर मात्र कंबर दुखते, पाय भरून येतात, एवढंच तोंडातून निघतं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत कांद्याची लागण, खुरपणी, गुरांची वैरण, हंगामात ऊसतोड अशी वाकून आणि उचलून करायची कामं बायकांच्या वाट्याला येतात. घरातून निघाल्यावर एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशन येईपर्यंत कुठे आडोसा मिळेल, याचा हिशेब मनात ठेवूनच अनेकजणी बाहेर पडतात. पण या हिशेबाला आजार म्हणायचं आणि त्यावर उपाय करायचा, हे फारसं घडत नाही.

लखनौमध्ये रुग्णालयात आलेल्या ३००० बायकांना डॉक्टरांनी लघवी सुटते का, हे मुद्दाम विचारलं. २०१३ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. २१.८ टक्के, म्हणजे पाचांत एकीला लघवी सुटण्याचा त्रास होता, आणि त्यातल्या बहुतेकींना तो खोकताना-शिंकताना व्हायचा. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ साली, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. ९२ टक्के बायकांना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. विचारल्याशिवाय हे बाहेर येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं.

या त्रासावरचा पहिला उपाय औषध किंवा शस्त्रक्रिया नसून व्यायाम आहे, आणि तो घरी करता येतो. त्याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही, वेगळे कपडे लागत नाहीत. एकच अट आहे : योग्य स्नायू सापडला पाहिजे. तिथेच अनेकजणी चुकतात, म्हणून या लेखात किती वेळा करायचं यापेक्षा नेमकं काय करायचं यावर जास्त भर आहे.

खालची झोळी

ओटीपोटाच्या अगदी खाली हाताला लागतं ते पुढचं हाड, आणि मागे माकडहाड. या दोहोंच्या मध्ये, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांना धरून, स्नायूंचा एक थर पसरलेला असतो. फडाच्या कडेला बाभळीला साडीची झोळी बांधून तीत बाळ निजवतात, तसा हा थर वरचं ओझं पेलतो : पुढे मूत्राशय, मधे गर्भाशय, मागे मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक. या थरातून लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तीन वाटा खाली येतात. स्नायू आवळला की या वाटा मिटतात आणि किंचित वर उचलल्या जातात. पुरुषांतही हाच थर असतो, फक्त वाटा दोन. डॉक्टर याला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात, मराठी पुस्तकांत श्रोणितल असा शब्द आहे.

खोकलं, हसलं, जड काही उचललं की पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावर वरून येतो. स्नायू घट्ट असेल तर मूत्रनलिकेला खालून आधार मिळतो, वरचा दाब आणि खालचा आधार यांच्या मधे ती मिटून राहते. आधार सैल पडला की मूत्रनलिका खाली सरकते, क्षणभर उघडते आणि लघवी निसटते.

हा स्नायू सैल पडायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाळंतपण. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी २००४ साली संगणकावर बाळंतपणाची प्रतिकृती मांडून पाहिली. बाळाचं डोकं बाहेर येताना या थराचा आतल्या बाजूचा भाग मूळ लांबीच्या सव्वातीन पट ताणला जातो, असं त्यात दिसलं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या स्नायूवर एवढा ताण एका वेळी पडला तर तो फाटेल. गरोदरपणात या भागाची घडणच बदलते, म्हणून बहुतेक वेळा तो निभावतो. पण कळा फार लांबल्या, बाळ मोठं असलं, चिमटा लावावा लागला, तर इजा जास्त होते. पाळी गेल्यावर संप्रेरकं कमी झाली की तिथली कातडी आणि ऊती पातळ होतात. वाढलेलं वजन, जुना खोकला, रोज कुंथून शौचाला बसणं आणि वर्षानुवर्षं उचललेलं ओझं यांची त्यात भर पडते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या या स्नायूवर एका दिवसात किती वेळा दाब येत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

गळती कुठल्या प्रकारची

व्यायामाला लागण्याआधी आपली लघवी केव्हा सुटते, हे नीट पाहायला हवं. दाब आल्यावर थेंब सुटतात, त्याआधी लघवीची भावनाही नसते, तर तो दाबाचा प्रकार. अचानक इतकी जोरात लागते की न्हाणीघरापर्यंत पोहोचेपर्यंत कपड्यात होते, कुलूप उघडताना किंवा नळाचा आवाज ऐकला की धरवत नाही, तर तो घाईचा प्रकार. यात मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू वेळेआधीच आकुंचन पावू लागतो. अनेकींना दोन्ही असतात. मूत्राशय पूर्ण रिकामंच न होता सतत ठिबकत राहणं हा तिसरा प्रकार. तो मधुमेह जुना असलेल्यांत आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत दिसतो, आणि त्याला व्यायामाआधी डॉक्टर लागतात.

तीन दिवस एक वही ठेवा. कधी गेलो, साधारण किती झाली (घरातला एखादा जुना मग त्यासाठी राखून ठेवला की मोजता येतं), कधी सुटली, तेव्हा काय करत होतो, पाणी आणि चहा किती घेतला. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते आणि निम्म्याच्या आसपास भरलं की पहिली जाणीव होते. दिवसात सहा ते आठ वेळा जाणं ठीक समजलं जातं. वही पाहिली की डॉक्टरांनाही कळतं आणि आपल्यालाही.

केगेल यांनी तबकडी का बसवली

या व्यायामाला जगभर ‘केगेल’ म्हणतात. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नॉल्ड केगेल यांनी तो १९४८ साली मांडला. त्यांनी नुसतं ‘आवळा’ असं सांगितलं नव्हतं. योनीत बसेल असा एक रबरी फुगा आणि त्याला जोडलेली दाब दाखवणारी तबकडी, असं उपकरण त्यांनी बनवलं होतं. बाई ते घरी नेऊन व्यायाम करायची आणि काटा हलतो का ते बघायची. काटा हलला तर स्नायू बरोबर. पुढे व्यायामाचं नाव घरोघरी पोहोचलं, तबकडी मात्र मागे राहिली.

ती मागे राहिल्यानं काय झालं, हे १९९१ साली अमेरिकेतच मोजलं गेलं. ४७ बायकांना थोडक्यात तोंडी समजावून सांगितलं आणि लगेच त्यांचं आवळणं तपासलं. जेमतेम निम्म्याजणींना ते नीट जमलं. चौथा हिस्सा बायका अशा रीतीनं जोर लावत होत्या की लघवी सुटण्याचा त्रास कमी होण्याऐवजी वाढला असता. म्हणजे वर ओढण्याऐवजी त्या खाली लोटत होत्या. महिनाभर व्यायाम करून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याचजणींचं मूळ इथे असतं.

नीट केला तर फरक पडतो, याचा पुरावा भक्कम आहे. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १४ देशांतल्या ३१ चाचण्या आणि १८१७ बायका होत्या. दाबाच्या प्रकारचा त्रास असलेल्यांपैकी व्यायाम केलेल्या ५६ टक्के बायकांनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं, व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं.

स्नायू शोधायचा कसा

मूत्राशय रिकामं करून या. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा. एक तळहात ओटीपोटावर ठेवा. श्वास चालू द्या. आता चारचौघांत बसलेलं असताना वायू सरणार आहे आणि तो अडवायचा आहे, असं मनात आणा. शौचाची जागा आत आवळली जाईल. तीच पकड पुढे न्या, जणू लघवीही अडवायची आहे. मग दोन्ही मिळून आत आणि वर, छातीच्या दिशेनं खेचा. बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र काहीतरी वर सरकल्यासारखं वाटतं, आणि सोडलं की ते खाली येतं. हे खाली येणंही स्पष्ट जाणवलं पाहिजे.

कुठे चुकतंय हे पाहायच्या खुणा सोप्या आहेत. हाताखालचं पोट फुगलं तर तुम्ही खाली लोटताय. नितंब घट्ट झाले, मांड्या एकमेकींवर दाबल्या गेल्या, श्वास अडकला, कपाळाला आठी पडली तर दुसरेच स्नायू काम करतायत. बेंबीखालचा भाग किंचित आत जाणं चालतं.

खात्री करायचे आणखी दोन मार्ग आहेत. हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीत ठेवून आवळून पाहा. बोटाभोवती पकड आली आणि बोट आत ओढलं गेलं तर बरोबर, बाहेर ढकललं गेलं तर चूक. हे करायला संकोच वाटत असेल तर लाकडी खुर्चीवर टॉवेलची घट्ट गुंडाळी लांबीत ठेवून तिच्यावर बसा. आवळल्यावर अंग गुंडाळीवरून हलकं झाल्यासारखं वाटायला हवं, तिच्यावर दाब वाढायला नको. पुरुषांनी आरशात पाहिलं तर आवळताना शिश्नाचं मूळ आत ओढलं जातं आणि वृषण किंचित वर उचलले जातात.

लघवी करताना मधेच धार थांबवून बघा, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ते ठीक आहे. रोजचा व्यायाम म्हणून करू नका, कारण त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायचं राहून जातं.

योगवर्गाला जाणाऱ्यांना यात मूलबंधाची आठवण होईल. आवळायची जागा तीच आहे. मूलबंध मात्र बहुधा श्वास रोखून करतात, आणि इथे श्वास एकदाही रोखायचा नाही. रोखलेल्या श्वासाबरोबर पोटातला दाब वाढतो, आणि नेमकं तेच टाळायचं असतं.

रोजचा नेम

सुरुवातीला तीन सेकंद आवळून धरा, मग तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ पूर्ण सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा. हळूहळू एकेक सेकंद वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्या. त्यानंतर पटकन आवळून पटकन सोडायचे आठ-दहा झटके. सावकाश धरण्यानं दिवसभर आधार देणारे तंतू तयार होतात, झटक्यांनी खोकल्याच्या क्षणी लागणारे. दोन्ही हवेत. हे सगळं दिवसातून तीन वेळा. एका वेळेला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

दहा सेकंद धरायचं ठरवलं आणि सहाव्या सेकंदाला पकड निसटली, तर आज तुमची मर्यादा पाच सेकंद आहे. थकलेल्या स्नायूवर मोजणी पूर्ण करण्यात अर्थ नाही, त्या वेळी पोट आणि मांड्या मदतीला येतात आणि चुकीची सवय लागते.

पहिले दोन आठवडे झोपून करा, मग बसून, मग उभं राहून. शेवटी काम करताना. अंगावर वजन असताना हा स्नायू आवळता येणं हेच खरं साधायचं असतं. वेळ विसरू नये म्हणून तो ठरलेल्या कामाला जोडून टाका : सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, दुपारी भाकरी खाऊन टेकल्यावर, रात्री पाठ टेकल्यावर.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात : एका वेळी निदान आठ वेळा आवळणं, दिवसातून तीन वेळा, कमीत कमी तीन महिने. चार-सहा आठवड्यांत थोडा फरक जाणवू लागतो. तीन महिन्यांआधी निकाल लावू नका. बरं वाटल्यावर दिवसातून एकदा तरी चालू ठेवा, कारण सोडून दिलेला स्नायू पुन्हा सैल होतो.

वेळेवर आवळणं

ताकद यायला महिने लागतात, पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कामाला येते. मिशिगनच्याच संशोधकांनी १९९८ साली वयस्कर बायकांच्या एका छोट्या गटाला एवढंच शिकवलं : खोकायच्या आधी आवळा आणि खोकून होईपर्यंत धरा. आठवड्याभरात खोकताना सुटणारी लघवी बरीच कमी झाली. एवढ्या दिवसांत स्नायू काही वाढत नाही. जो होता तोच वेळेवर वापरला गेला.

स्वयंपाकघरात याचा सराव फार चांगला होतो. तेल तापलं, मोहरी तडतडली, आता मिरची पडणार. ठसका लागणार हे तुम्हाला चार सेकंद आधी माहीत असतं. मिरची हातात असतानाच आवळा. मिरची टाका, ठसका येऊ द्या, तो संपेपर्यंत पकड सोडू नका. मग एक श्वास घेऊन पूर्ण सैल सोडा. असं काही दिवस केलं की शिंकेच्या आधीही हात नाकाकडे जातो तसा स्नायू आपोआप आवळला जाऊ लागतो.

ओझं उचलतानाही क्रम हाच. कांद्याचं कट्टं, वैरणीचा भारा, भरलेली कळशी, काहीही असो. पाय थोडे फाकवून, गुडघ्यात वाकून, वस्तू अंगाजवळ घ्या. आधी आवळा, मग उचला, उचलताना श्वास सोडा. दम धरून ‘हं’ करत उचलायची सवय असेल ती मोडायला वेळ लागेल, पण नुकसान तिथेच होतं. भारा दोघींनी मिळून डोक्यावर चढवता येत असेल तर एकटीनं चढवू नका.

घाई झाली तर धावू नका

घाईच्या प्रकारात न्हाणीघराकडे पळत सुटलं की पोटावर दाब येतो, लक्ष सगळं लघवीवर जातं आणि वाटेतच सुटते. जोरात लागली की आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा. पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडा. हा स्नायू आवळला गेला की मूत्राशयाच्या भिंतीला शांत होण्याचा इशारा मिळतो. दहा-वीस सेकंदांत जोर ओसरतो. मग नेहमीच्या चालीनं जा.

त्याच्या जोडीला मूत्राशयाला अंतराची सवय लावायची. वहीत दिसलं की तुम्ही दर तासाला जाता, तर या आठवड्यात सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड तास. असं वाढवत अडीच-तीन तासांवर या. पुण्याची गाडी पकडायची म्हणून, बाजाराला निघायचं म्हणून, लागलेली नसताना ‘जाता जाता जाऊन येते’ असं दरवेळी करत राहिलं तर मूत्राशय थोड्याशा भरण्यालाच कुरकुरू लागतं. लांबच्या प्रवासाआधी एकदा जाणं वेगळं, दिवसभर तसंच वागणं वेगळं.

शेतात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, हा बायकांचा जुना उपाय. त्यानं लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. शिवाय शौच कडक होतं, कुंथावं लागतं आणि तोच दाब पुन्हा त्याच स्नायूवर येतो. पाणी दिवसभरात थोडं थोडं प्या, रात्री झोपायच्या आधीच्या दोन तासांत कमी प्या. चहा मात्र मोजा. दिवसात पाच-सहा कप होत असतील तर दोनवर आणून आठवडाभर वही पाहा.

वजनाचं गणितही मोजलेलं आहे. २००९ साली अमेरिकेत ३३८ जाड बायकांवर झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्यांची साप्ताहिक गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली, फक्त माहिती दिलेल्यांची २८ टक्क्यांनी. सत्तर किलोच्या बाईला हे साधारण साडेपाच किलो होतात. चुलीच्या धुरानं खोकला जुना झाला असेल तर आधी खोकल्यावर इलाज हवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, साखर वाढली तरी वाढते. अशा वेळी गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना वही दाखवा.

पिशवी काढून हे थांबत नाही

कमरेखालच्या कुठल्याही तक्रारीवर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर येणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांबाबत २०१९ साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अंगावरून जाणं, पोटदुखी, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, अशी कारणं त्यांच्याकडून पुढे आली. लघवी सुटते म्हणून किती शस्त्रक्रिया झाल्या, हा त्या चौकशीचा विषय नव्हता. पण गर्भाशय काढल्यावर सगळ्याच कटकटी संपतील, हा समज गावोगाव पसरला आहे.

मूत्राशय वेगळं, गर्भाशय वेगळं. गर्भाशय काढल्यानं सैल स्नायू घट्ट होत नाही. उलट त्याला धरून ठेवणारे बंध कापले जातात. स्वीडनमध्ये १९७३ ते २००३ या काळातल्या नोंदी तपासून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे दाबाच्या गळतीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. कर्करोग, मोठ्या गाठी, आटोक्यात न येणारा रक्तस्राव अशी कारणं असतील तर शस्त्रक्रिया गरजेची असते. पण नुसती लघवी सुटते म्हणून कुणी हा सल्ला दिला, तर आधी तीन महिने व्यायाम करून बघू का, हे विचारायला बिचकू नका.

काही वेळा मात्र व्यायामाची वाट न बघता तपासणी करून घ्यावी. लघवीत रक्त येणं, आग होणं, ताप येणं. लघवी अडकणं. बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस सतत गळत राहणं, कारण तिथे मूत्राशयाला भोक पडलेलं असू शकतं आणि ते शिवावंच लागतं. पाय बधिर होऊन लघवी सुटू लागणं, यात एक दिवसही घालवू नये. अंग बाहेर येत असेल तर व्यायामाचा उपयोग होतो, पण किती बाहेर आलंय हे आधी पाहायला हवं. आवळताना दुखत असेल तर स्नायू सैल नसून आखडलेला असू शकतो. त्याला आवळायला नाही, सोडायला शिकवावं लागतं, आणि ते काम फिजिओथेरपिस्टचं.

प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांनाही हाच व्यायाम सांगतात, शक्यतो शस्त्रक्रियेच्या आधीपासून. लघवी करून झाल्यावर पँटमध्ये दोन थेंब पडतात अशी तक्रार असेल, तर धार थांबल्यावर एकदा जोरात आवळून मग निघावं.

शिकवणार कोण

शिरूर-दौंडच्या बाईला या व्यायामासाठी रोज पुण्याला जावं लागत नाही. सुरुवातीला एकदा कुणीतरी जाणकारानं ती बरोबर आवळते आहे ना, एवढं पाहायला हवं. पुढचं घरी किंवा गटात होऊ शकतं. कॅनडात साठीपुढच्या ३६२ बायकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठ-आठजणींच्या गटात आठवड्यातून एकदा बारा आठवडे शिकलेल्या बायकांना एकेकटीनं शिकलेल्यांइतकाच फायदा झाला. स्नायू सापडला का, हे मात्र प्रत्येकीचं आधी स्वतंत्रपणे पाहिलं होतं. बांगलादेशात गोनोशास्थ्य केंद्रानं १६ खेड्यांपैकी काही खेड्यांत साठी ओलांडलेल्या बायकांचे असेच व्यायामगट चालवले. २०१९ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गावांत गट चालले तिथे गळती जास्त कमी झाली. बांगलादेशातल्या त्या बायकांचं आयुष्य आपल्या भीमाकाठच्या बायकांपेक्षा फार वेगळं नाही. आपल्याकडे तर बचत गटांच्या बैठका आधीपासूनच ठरलेल्या दिवशी भरतात.

त्याहून सोपी जागा बाळंतिणीच्या खोलीत आहे. रुग्णालयात बाळंत झालेल्या प्रत्येक बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाचं वजन, दूध, ताप पाहतात. सव्वा महिना शेक, डिंकाचे लाडू, पोट बांधणं हे सगळं नेमानं होतं, पण पोट बांधल्यानं खालचा स्नायू घट्ट होत नाही. दुखत नसेल आणि लघवीची नळी काढलेली असेल तर हलकं आवळणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं, खाली टाके असले तरी. शेवटच्या भेटीत ‘खोकताना लघवी सुटते का’ एवढं विचारलं आणि हो म्हणणारीला उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, तर पन्नाशीत होणारा त्रास पंचविशीतच थोपवता येईल. आशाताईंनी नाही विचारलं तर बाळंतिणीनं किंवा तिच्या आईनं-सासूनं स्वतःहून सांगावं. तपासणाऱ्यांना हेही विचारून घ्यावं, की मी आवळतेय ते बरोबर आहे ना.